घोड्याची नस जाणणारा

१९७७ च्या जून महिन्यात इंग्लंडमधील एप्सम येथे डर्बीच्या शर्यतीपूर्वी घोड्यांचे जे संचलन झाले, त्यात ‘द मिन्स्ट्रेल’ नावाचा तांबूस रंगाचा, चारही पाय व कपाळ पांढरे असलेला एक तीन वर्षांचा घोडा इतरांच्या बरोबरीने चालला होता आणि त्याच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे घातलेले होते. एप्समच्या माळावर डर्बीच्या दिवशी जनसमुदाय लोटतो, जत्रेचे पाळणे फिरत असतात, वाद्ये वाजत असतात, आणि तरुण, तापट रक्ताचा घोडा त्या कोलाहलाने असा भेदरतो की शर्यत सुरू होण्यापूर्वीच त्याची अर्धी शक्ती घामाच्या वाटेने निघून जाते. त्या घोड्याच्या प्रशिक्षकाने हे आधीच ओळखून गर्दीतून जाईपर्यंत त्याला बहिरे करण्याची तजवीज केली होती. शर्यत जेथून सुटते तेथे, गर्दीपासून दूर, ते बोळे काढण्यात आले. आणि नंतरच्या अडीच-पावणेतीन मिनिटांत लेस्टर पिगट या विख्यात जॉकीने त्या घोड्याला अवघ्या मानेच्या फरकाने का होईना, पण विजयी केले. चारही पाय पांढरे असलेला घोडा पाश्चात्य घोडेबाजारात पूर्वापार संशयाने पाहिला जातो. आपल्याकडचे जुने अश्वपारखी मात्र अशा घोड्याला पंचकल्याणी म्हणून शुभ मानीत आले. त्या प्रशिक्षकाने शुभाशुभाचा विचार बाजूला ठेवून घोड्याची चाल, त्याचा बांधा आणि त्याचा स्वभाव यांवर आपला निर्णय बेतला होता. त्या प्रशिक्षकाचे नाव मायकेल व्हिन्सेंट ओब्रायन.

शर्यतींचा शौक असलेल्या आपल्याकडील वाचकांना महालक्ष्मीच्या आणि पुण्याच्या मैदानांवरील घोडे व जॉकी ठाऊक असतात, मालकांची नावेही वृत्तपत्रांतून वाचनात येतात; परंतु या सर्वांच्या मागे पहाटेच्या अंधारात उभा असणारा जो प्रशिक्षक, त्याचे कार्य नेमके काय, याची कल्पना थोड्यांनाच असते. शर्यतीचा घोडा म्हणजे साडेचारशे ते पाचशे किलो वजनाचा देह, जो तासाला साठ किलोमीटरांच्या वेगाने मनगटाएवढ्या जाडीच्या पायांवर तोलला जातो. पुढच्या पायाच्या नळीमागून जी शीर उतरते, तिच्यात किंचित ऊब जाणवली तरी जाणत्या माणसाला पुढचे संकट कळते. रात्री घातलेली चंदी सकाळी गव्हाणीत शिल्लक दिसली तर तिच्या परिमाणावरून घोड्याच्या मनाचा व शरीराचा अंदाज बांधावा लागतो. कोणाला आज भरधाव सोडायचे, कोणाला नुसते रपेटीला न्यायचे आणि कोणाला तबेल्यातच ठेवायचे हे प्रत्येक दिवशी, प्रत्येक घोड्याबाबत स्वतंत्रपणे ठरवावे लागते. शिवाय घोड्याची परमोत्कर्षाची अवस्था फार तर काही आठवडे टिकते, आणि ती अवस्था शर्यतीच्या नेमक्या दिवशी यावी, आठ दिवस आधी नव्हे किंवा नंतर नव्हे, हे साधण्यातच या विद्येचे सर्व रहस्य आहे. ओब्रायन यांच्यापाशी ही विद्या जितकी होती तितकी विसाव्या शतकात अन्य कोणापाशी नव्हती असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आणि तिचे मूळ कोणत्याही गुप्त औषधात वा यंत्रात नसून, घोड्याकडे दीर्घकाळ, शांतपणे आणि पूर्वग्रह न ठेवता पाहत राहण्याच्या त्यांच्या असामान्य शक्तीत होते.

ओब्रायन यांचा जन्म ९ एप्रिल १९१७ रोजी आयर्लंडच्या दक्षिणेकडील कॉर्क परगण्यातील चर्चटाउन या गावी झाला. वडील डॅन ओब्रायन हे शेतकरी. शेतीच्या जोडीला दोन-चार घोडे बाळगून ते आसपासच्या शर्यतींत उतरवीत. व्हिन्सेंट यांचे शालेय शिक्षण लवकरच आटोपले आणि डब्लिनजवळील एका तबेल्यात काही काळ उमेदवारी करून ते वडिलांच्या हाताखाली आले. १९४३ मध्ये वडील निवर्तले. मालमत्तेत या मुलाच्या वाट्याला मोठेसे काही आले नाही. प्रशिक्षकाचा परवाना, भाड्याचे तबेले आणि घोड्यांची पारख एवढेच त्यांचे भांडवल होते. १९४४ मध्ये ‘ड्रायबॉब’ आणि ‘गुड डेज’ या दोन घोड्यांनी शरद ऋतूतील आयरिश केंब्रिजशायर व आयरिश सीझरविच या दोन मोठ्या शर्यती मारल्या, पहिली बरोबरीत आणि दुसरी निर्विवाद, आणि तरुण ओब्रायन यांचे नाव प्रथमच लोकांच्या कानी गेले. त्या काळात तबेला चालविण्याचा खर्च मालकांच्या शुल्कातून भागत नसे. आपल्या घोड्यावर आपणच विचारपूर्वक पैसे लावून तो भागवावा लागे, आणि ओब्रायन यांनी आरंभीची कित्येक वर्षे ते केले. हे सांगण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. ज्याची चूल स्वतःच्या अंदाजावर पेटते, त्या माणसाला आपल्या घोड्याविषयी स्वतःची फसवणूक करून घेणे परवडत नाही, आणि ही कठोर तालीम त्यांना जन्मभर पुरली.

आयर्लंड व इंग्लंड येथे शर्यतींचे दोन स्वतंत्र संप्रदाय आहेत. एक सपाट मैदानावरील वेगाच्या शर्यतींचा. दुसरा कुंपणे, खंदक आणि झुडपांचे बांध ओलांडीत दोन ते साडेचार मैल धावण्याचा. पहिल्यात दोन-तीन वर्षांचे, मौल्यवान वंशाचे घोडे. दुसऱ्यात वयाने वाढलेले, हाडापेराने मजबूत, पुष्कळदा शेतकऱ्याच्या गोठ्यात वाढलेले घोडे. सामान्यतः एक प्रशिक्षक आयुष्यभर एकाच संप्रदायात राहतो. ओब्रायन यांनी आरंभ केला तो दुसऱ्यापासून, आणि इंग्लंडमधील चेल्टनमच्या मैदानावर त्यांनी जे केले ते आजही अविश्वसनीय वाटते. ‘कॉटेज रेक’ नावाच्या घोड्याची विक्री पशुवैद्यांनी त्याच्या श्वासात दोष काढल्यामुळे अडली होती. त्याच घोड्याने १९४८, १९४९ आणि १९५० अशी तीन वर्षे ओळीने चेल्टनम गोल्ड कप जिंकला. ‘हॅटन्स ग्रेस’ हा दुसरा घोडा दिसायला इतका लहान व सामान्य की बाजारात कोणी त्याच्याकडे वळून पाहिले नसते. त्याने नऊ, दहा आणि अकरा या वयांत, म्हणजे १९४९ ते १९५१ या तीन वर्षांत, चॅम्पियन हर्डल ही शर्यत तीनदा मारली. तेव्हा आयर्लंडमधून घोडे बोटीने व रेल्वेने नेत, आणि त्या दगदगीने ते थकून जात. ओब्रायन यांनी १९४९ मध्ये आपले घोडे विमानातून इंग्लंडला नेले. आज जगभर घोडे विमानाने ये-जा करतात. तेव्हा मात्र हा विचारच अनेकांना धाडसाचा वाटला होता.

यानंतर आले ग्रँड नॅशनल. लिव्हरपूलजवळील एन्ट्री येथील ही शर्यत सव्वाचार मैलांहून अधिक अंतराची, तीस उड्यांची; तिच्यात उत्तमोत्तम घोडे पडतात, आणि जन्मात एकदा ती जिंकणारा प्रशिक्षक धन्य समजला जातो. ओब्रायन यांनी १९५३ मध्ये ‘अर्ली मिस्ट’, १९५४ मध्ये ‘रॉयल टॅन’ आणि १९५५ मध्ये ‘क्वेअर टाइम्स’ असे तीन निरनिराळे घोडे ओळीने तीन वर्षे विजयी केले. यांपैकी रॉयल टॅनची हकीकत त्यांच्या पद्धतीवर विशेष प्रकाश टाकते. हा घोडा १९५१ मध्ये दुसरा आला होता आणि १९५२ मध्ये अगदी अखेरच्या उडीवर पडला होता. उडी जवळ आली की घोड्याला लगामाने सावरणे, टाचेने इशारा देणे, त्याची पावले जुळवून देणे हा जॉकींचा शिरस्ता; पण या घोड्याला तो हस्तक्षेप सहन होत नसे. त्याला कोणी मदत करू गेले की तो बिथरे आणि चुके. ओब्रायन यांनी हे ताडले आणि ब्रायन मार्शल या आपल्या जॉकीला ताकीद दिली की उडीच्या वेळी काहीही करायचे नाही, घोड्याला त्याच्या बुद्धीवर सोडायचे. मार्शल हा मोठा कसबी स्वार. कसबी माणसाला हात आवरून बसायला सांगणे किती कठीण असते हे सांगायला नको. पण त्याने ते ऐकले, घोडा आपल्या हिशेबाने एकामागून एक उड्या घेत गेला, आणि अखेरीस मानेच्या फरकाने जिंकला. तीन वर्षांतील तीन विजयांपेक्षा मला ही एक ताकीद अधिक मोलाची वाटते.

१९५१ मध्ये ओब्रायन यांनी टिपररी परगण्यात, कॅशेल या प्राचीन गावाजवळ, बॅलिडॉइल नावाची जमीन घेतली. तेथे तेव्हा तबेले नव्हते, मैदान नव्हते; शेताशेतांमधील बांध आणि कुंपणे होती. ती काढून, जमीन सारखी करून, गवताचे लांब पट्टे राखून त्यांनी शर्यतीच्या घोड्यांसाठी जी दौडीची मैदाने तयार केली, ती पुढे जगात नमुनेदार मानली गेली. त्याच वर्षाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील जॅकलिन विटनूम यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या बाईंनी पुढील अर्ध्या शतकाहून अधिक काळ त्यांची मोठी पाठराखण केली. हळूहळू उड्यांच्या शर्यती सोडून ते सपाट मैदानाकडे वळले. ‘बॅलिमॉस’ हा त्यांचा या क्षेत्रातील पहिला थोर घोडा. फिलाडेल्फियातील इमारतींचे कंत्राटदार जॉन मॅकशेन हे त्याचे मालक. त्याने १९५७ मध्ये आयरिश डर्बी व इंग्लंडची सेंट लेजर जिंकली आणि पुढच्या वर्षी पॅरिसची आर्क द त्रिओंफ ही युरोपातील सर्वांत प्रतिष्ठेची शर्यत मारली. ज्या माणसाला लोक उड्यांचा प्रशिक्षक म्हणून ओळखत होते, त्याने चाळिशीत दुसरे क्षेत्र धरले आणि त्यातही तो अग्रभागी आला, असे उदाहरण या व्यवसायात दुसरे नाही.

आणि याच उत्कर्षाच्या काळात त्यांच्यावर घाला आला. १९६० च्या एप्रिल महिन्यात त्यांचा ‘शामूर’ हा घोडा करॅ येथील मैदानावर एक सामान्य शर्यत जिंकला. शिरस्त्याप्रमाणे त्याच्या लाळेचे व घामाचे नमुने तपासणीस गेले, आणि त्यांत उत्तेजक द्रव्याचा अत्यल्प अंश सापडल्याचा अहवाल आला. घोड्याला ते कोणी दिले, कसे दिले, मुळात दिले गेले की नाही, याचा उलगडा झाला नाही. परंतु नियम असा होता की घोड्याच्या अंगात जे सापडेल त्याची जबाबदारी प्रशिक्षकाची. पंचांनी ओब्रायन यांचा परवाना अठरा महिन्यांसाठी काढून घेतला. शिक्षेचा अर्थ एवढाच नव्हता की त्यांनी घोडे उतरवू नयेत. स्वतः निर्माण केलेल्या बॅलिडॉइलच्या तबेल्यांतही त्यांना पाऊल ठेवण्यास मज्जाव झाला, आणि कुटुंबासह ते घर सोडून त्यांना जावे लागले. तबेल्याचा कारभार त्यांचे धाकटे बंधू फॉन्सी यांच्या नावे झाला. तोच शामूर त्याच वर्षी आयरिश डर्बी जिंकला. दप्तरी विजेता प्रशिक्षक म्हणून फॉन्सी यांची नोंद झाली, आणि मैदानावरील जनसमुदाय मात्र व्हिन्सेंट यांच्या नावाचा गजर करीत राहिला. पुढे शिक्षेची मुदत कमी करण्यात आली आणि १९६१ मध्ये ते परतले. एखाद्या माणसाची वीस वर्षांची तपश्चर्या एका प्रयोगशाळेतील शंकास्पद कागदावर तोलली जावी, हा अन्याय होता असेच आज बहुतेक जाणकार मानतात, आणि मीही तसेच मानतो. त्याहून मोठी गोष्ट ही की परतल्यानंतर त्यांच्या कामात कडवटपणा उतरला नाही. एक परिणाम मात्र कायम राहिला: बॅलिडॉइलच्या फाटकावर, कोणी यावे-जावे यावर, चंदीच्या पोत्यांवर आणि औषधांच्या कपाटावर पुढे अहोरात्र पहारा असे.

आता थोडे क्लासिक शर्यतींविषयी. इंग्लंडमध्ये तीन वर्षांच्या घोड्यांसाठी ज्या पाच शर्यती सर्वश्रेष्ठ मानल्या जातात, त्यांपैकी तीन मिळून त्रिमुकुट होतो: न्यूमार्केटची एक मैलाची टू थाउजंड गिनीज, एप्समची दीड मैलाची डर्बी आणि डॉनकास्टरची पावणेदोन मैलांहून अधिक अंतराची सेंट लेजर. घोड्याला तिसरे वर्ष आयुष्यात एकदाच लागते, म्हणून प्रत्येकाला ही संधी एकदाच. शिवाय एक मैलाला लागणारा वेग आणि पावणेदोन मैलांना लागणारा दम एकाच देहात सहसा नांदत नाहीत. महालक्ष्मीच्या मैदानावरील आपली इंडियन डर्बीदेखील एप्समच्याच धर्तीवर दीड मैलाच्या, म्हणजे २४०० मीटरांच्या, अंतराची आहे. त्रिमुकुटाशी आपला आणखी एक संबंध आहे. पुण्यातील राजवाड्यामुळे ज्यांचे नाव आपल्याकडे घरोघरी माहीत आहे, त्या तिसऱ्या आगाखानांच्या ‘बहराम’ या घोड्याने १९३५ मध्ये तो पटकावला होता. आणि त्यानंतर पस्तीस वर्षे तो कोणालाही लाभला नव्हता.

१९६२ मध्ये ‘लार्कस्पर’ आणि १९६८ मध्ये ‘सर आयव्हर’ या घोड्यांनी ओब्रायन यांना डर्बी मिळवून दिली. १९६८ च्या उन्हाळ्यात अमेरिकन उद्योगपती चार्ल्स एंगलहार्ड यांच्यासाठी एक शिंगरू पाहावयास ते कॅनडाला गेले. जे शिंगरू पाहावयास गेले ते त्यांना पसंत पडले नाही. परंतु त्याच पागेत ‘नॉर्दर्न डान्सर’ या घोड्याचा एक थोराड, कुमैत रंगाचा मुलगा त्यांच्या दृष्टीस पडला, आणि तो घ्यावा असे त्यांनी मालकाला कळविले. चौऱ्याऐंशी हजार डॉलरना तो लिलावात विकत घेतला गेला. रशियन नर्तकाच्या नावावरून त्याचे नाव ठेवण्यात आले ‘निजिन्स्की’.

हा घोडा बॅलिडॉइलला आला तेव्हा तो ओट खाईना. कॅनडात त्याला दाबून केलेल्या तयार खाद्याच्या गोळ्या मिळत. आयर्लंडची चंदी त्याने तोंडात धरली नाही. ओब्रायन यांनी कॅनडाला निरोप पाठवून त्या गोळ्या मागविल्या, आणि त्या येऊन पोहोचेपर्यंत निजिन्स्की ओट खाऊ लागला होता. पण खरी अडचण त्याच्या स्वभावाची होती. सकाळी तबेल्यातून निघताना तो मागच्या पायांवर उभा राही, इतर घोड्यांबरोबर जावयास नकार देई, घामाने न्हाऊन निघे. अशा घोड्याला चाबकाने वठणीवर आणण्याची रीत पुष्कळांनी अवलंबिली असती, आणि त्यांच्या हातून एक चिडका, निरुपयोगी घोडा तयार झाला असता. ओब्रायन यांनी त्याच्यासाठी दोन कुशल स्वार राखून ठेवले, जे त्याच्याशी झगडत नसत. तो जेथे अडेल तेथे थांबत, त्याचे मन वळेपर्यंत वाट पाहत आणि मग पुढे जात. एका घोड्यासाठी सबंध रांगेचा वेळ जाई. तो वेळ वाया गेला नाही. दोन वर्षांचा असताना तो पाच शर्यती धावला आणि पाचही जिंकला. १९७० च्या वसंतात टू थाउजंड गिनीज त्याने सहज मारली.

डर्बीच्या आदल्या दिवशी एप्समच्या तबेल्यात निजिन्स्कीच्या पोटात कळ उठली. घोड्याची पोटदुखी ही किरकोळ गोष्ट नव्हे. त्याला ओकारी होत नाही, आतड्याला पीळ पडला तर तो काही तासांत दगावतो, आणि एरव्ही पशुवैद्य तत्काळ टोचणी देऊन वेदना शमवितो. येथे टोचणी द्यावी तर दुसऱ्या दिवशीच्या तपासणीत औषध सापडणार. न द्यावी तर घोडा आणि डर्बी दोन्ही हातची जाणार. दहाच वर्षांपूर्वी एका सूक्ष्म अंशापायी घरातून बाहेर पडलेला माणूस त्या घोड्याशेजारी उभा होता. त्यांनी टोचणी दिली नाही. थोडा कोंडा आणि त्यात खाण्याचा सोडा एवढाच घरगुती उपाय त्यांनी केला आणि वाट पाहिली. कळ ओसरली. दुसऱ्या दिवशी लेस्टर पिगट यांनी अखेरच्या दोन फर्लांगांत नुसता इशारा दिला आणि निजिन्स्की फ्रान्सच्या बलाढ्य घोड्यांना मागे टाकून निघून गेला. ओब्रायन यांच्या सबंध कारकीर्दीतून एकच रात्र निवडावयाची झाली तर मी ही निवडीन. कारण या रात्रीच्या निर्णयात विद्या, संयम आणि पूर्वी सोसलेले दुःख ही तिन्ही एकत्र आली होती.

आयरिश डर्बी जिंकून झाली, ॲस्कटची किंग जॉर्ज ही शर्यतही जिंकून झाली. आणि ऑगस्टमध्ये घोड्याला गजकर्णाचा विकार जडला. त्याच्या कुशीवरचे केस गळाले, खोगिराचा पट्टा आवळता येईना, कित्येक दिवस त्याला नीट दौड देता आली नाही. ओब्रायन यांचे मन सेंट लेजरला फारसे अनुकूल नव्हते; मालकांना मात्र त्रिमुकुटाची उत्कंठा होती, आणि ती अस्वाभाविक म्हणता येत नाही. निजिन्स्की डॉनकास्टरला धावला आणि जिंकला. बहरामनंतर प्रथमच त्रिमुकुट सिद्ध झाला, आणि त्यानंतर आजतागायत इंग्लंडमध्ये दुसऱ्या कोणत्याही घोड्याने तो मिळविलेला नाही. परंतु त्या शर्यतीने त्याच्या अंगातले बळ ओढून घेतले. ऑक्टोबरमध्ये पॅरिसला आर्कच्या वेळी छायाचित्रकारांच्या गराड्यात तो सैरभैर झाला, शर्यतीत फार मागून आला, विजयस्तंभाजवळ पुढे निघाला, आणि अखेरच्या क्षणी ‘सासाफ्रा’ या घोड्याकडून डोक्याच्या फरकाने हरला. काही दिवसांनी न्यूमार्केटला तो पुन्हा हरला. तेरा शर्यतींत अकरा विजय आणि हे दोन पराभव. पिगट यांनी घोडा फार मागे ठेवला असा दोष तेव्हा पुष्कळांनी दिला. मला तो पटत नाही. निरोगी निजिन्स्कीने ते अंतर खात्रीने कापले असते, आणि तो निरोगी राहिलेला नव्हता, हीच खरी हकीकत आहे.

१९७२ मध्ये ‘रॉबर्टो’ने ओब्रायन यांना चौथी डर्बी दिली. यानंतरचा त्यांचा काळ घोड्यांबरोबरच घोड्यांच्या वंशाशी निगडित आहे. निजिन्स्कीवरून त्यांनी असे अनुमान बांधले की नॉर्दर्न डान्सर, जो स्वतः ठेंगणा होता, आपल्या संततीला विलक्षण वेग आणि झुंजार वृत्ती देतो. जावई जॉन मॅग्निअर आणि धनाढ्य मालक रॉबर्ट सँग्स्टर यांच्याशी मसलत करून त्यांनी १९७५ पासून अमेरिकेतील केंटकी राज्यात कीनलँडच्या लिलावांत त्या वंशाची वर्षा-वर्षाची शिंगरे घ्यावयास आरंभ केला. पैसा सँग्स्टर यांचा, व्यवहार मॅग्निअर यांचा आणि पारख ओब्रायन यांची. आपला ‘मिन्स्ट्रेल’ याच लिलावातला. ‘अलेज्ड’ने १९७७ व १९७८ अशी दोन वर्षे आर्क जिंकली, ‘गोल्डन फ्लीस’ने १९८२ मध्ये सहावी व शेवटची डर्बी मिळविली. शर्यतीत विजयी झालेला नर घोडा नंतर वंशवृद्धीसाठी कोट्यवधींना विकला जाई, आणि त्या पैशातून पुढची शिंगरे येत. लवकरच अरब राजपुत्रही बाजारात उतरले आणि किमती भडकल्या; १९८५ मध्ये निजिन्स्कीच्याच एका मुलाला सँग्स्टर-मॅग्निअर मंडळींनी एक कोटी एकतीस लाख डॉलर मोजले. तो घोडा मध्यम प्रतीचा निघाला. या अफाट उलाढालीत काही अतिरेक झाला हे मान्य केले पाहिजे. पण ओब्रायन लिलावाच्या आधी तासन्‌तास शिंगरापुढे उभे राहून त्याच्या डोळ्यांत आणि चालीत जे शोधीत, ते चर्चटाउनच्या दिवसांपासून बदललेले नव्हते.

१९८४ च्या डर्बीत त्यांचा ‘एल ग्रान सेन्यॉर’ हा घोडा सर्वांचा आवडता होता. नॉर्दर्न डान्सरचाच हा मुलगा त्या वर्षी टू थाउजंड गिनीज लीलेने जिंकून आला होता आणि अखेरच्या वळणावर तो इतक्या सहजपणे धावत होता की पाहणाऱ्यांनी शर्यत संपल्यातच जमा धरली. तेवढ्यात बाहेरच्या बाजूने नॉर्दर्न डान्सरचाच दुसरा मुलगा ‘सेक्रेटो’ चढत आला, दोघे विजयस्तंभापर्यंत बरोबरीने झुंजले, आणि सेक्रेटो अगदी निसटत्या फरकाने पुढे ठरला. त्याचा प्रशिक्षक होता व्हिन्सेंट यांचा पुत्र डेव्हिड ओब्रायन, अजून तिशीही न गाठलेला. पित्याच्या नावावर सातवी डर्बी लागणार होती, ती पुत्राने हिरावून घेतली. डेव्हिड यांनी पुढे थोड्याच वर्षांत हा व्यवसाय सोडला आणि फ्रान्समध्ये द्राक्षमळा घेतला. घोड्यांच्या सहवासात असणाऱ्या माणसावर जो अखंड ताण असतो, तो प्रत्येकाच्या प्रकृतीला मानवतोच असे नाही. व्हिन्सेंट स्वतः अबोल, संकोची, मोठ्या शर्यतीपूर्वी अन्नावरची वासना उडणारे गृहस्थ होते, आणि तरीही त्यांनी तो ताण पन्नास वर्षे वाहिला.

१९९० मध्ये त्यांनी निवृत्त झालेल्या पिगट यांना पुन्हा खोगिरावर बसविण्याची मसलत केली. पिगट पाच वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते, मधल्या काळात करचुकवेगिरीबद्दल तुरुंगवास भोगून आले होते, आणि चोपन्न वर्षांचे होते. पुनरागमनाला दोन आठवडेही झाले नव्हते, तोच न्यूयॉर्कच्या बेल्माँट पार्कवर ब्रीडर्स कप माइल या शर्यतीत त्यांनी ओब्रायन यांच्या ‘रॉयल ॲकॅडमी’ला शेवटच्या काही पावलांत पुढे काढून विजयी केले. रॉयल ॲकॅडमी हा निजिन्स्कीचा मुलगा.

१९९४ मध्ये ओब्रायन यांनी परवाना परत केला. सहा डर्बी, सोळा इंग्लिश क्लासिक, तीन आर्क, तीन ग्रँड नॅशनल, चार चेल्टनम गोल्ड कप आणि तीन चॅम्पियन हर्डल ही त्यांच्या कारकीर्दीची ठळक नोंद. सपाट मैदान आणि उड्या या दोन्ही क्षेत्रांतील ही उंची एकट्या माणसाने गाठल्याचे दुसरे उदाहरण नाही. बॅलिडॉइलची मैदाने पुढे एडन ओब्रायन या तरुण प्रशिक्षकाच्या हाती गेली; आडनाव एक असले तरी नाते काही नाही. व्हिन्सेंट यांच्या तबेल्यात १९८४ मध्ये ‘सॅडलर्स वेल्स’ नावाचा नॉर्दर्न डान्सरचा आणखी एक मुलगा होता, जो एल ग्रान सेन्यॉरच्या छायेत थोडा दुर्लक्षित राहिला होता. त्याने पुढे चौदा वेळा ब्रिटन व आयर्लंडमधील अग्रगण्य जनक अश्व हा मान मिळविला. त्याचा मुलगा ‘गॅलिलिओ’ बॅलिडॉइलच्याच मैदानावर तयार होऊन २००१ ची एप्सम डर्बी जिंकला, तेव्हा व्हिन्सेंट चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. १ जून २००९ रोजी किल्डेअर परगण्यातील स्ट्रॅफन येथे वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी ते निवर्तले.